मधली ओळ

१

माझं गं रोप सुकलं, दृष्ट कुणाची लागली?
पूस तिला बाई, जी उशाशी जागली.

रोपवाटिकेत पाणी घालता घालता आत्या हे म्हणायची. गाण्याचा गळा तिचा नव्हेच. झारीच्या तोंडासारखा तो आवाज दहा भोकांतून गळायचा. एकदा भाचीनं अर्थ विचारला, तेव्हा आत्यानं एक मेलेलं रोप उपटून तिच्या नाकाशी धरलं. मुळं कुजली होती. ओल्या गोणपाटाचा वास येत होता.

"पाण्यावाचून एक मरतं," आत्या म्हणाली, "आणि मायेनं दहा."

आत्या गेली. वाटिकेच्या जागी गाड्या उभ्या राहू लागल्या. भाची मोठी होऊन तपासनीस झाली, लोकांच्या खऱ्याखोट्याची पाखडण करू लागली. आवाज तेवढा राहिला, आणि नको तेव्हा यायचा. त्या सकाळी अंतराळ संस्थेच्या बीजघरात पाऊल टाकतानाही आला, तेव्हा तिनं त्याला मनातल्या मनात दटावलं. ती सुकलेल्या रोपासाठी आली नव्हती. ती चोरीसाठी आली होती.

चोरीला गेल्या होत्या साक्षी.

साक्षी हे तिथलं घरगुती नाव. प्लॅस्टिकचे चार पातळ चौकोन, तळहाताएवढे, काचेसारखे आरपार. मक्याचे दाणे एका डबीत तीन थरांनी बसवलेले, आणि प्रत्येक थराच्या वर-खाली एकेक चौकोन. ही डबी यानातून पृथ्वीच्या चुंबकी पांघरुणाबाहेर जाऊन आली होती. त्या पांघरुणाबाहेर दूरच्या ताऱ्यांचे कण मोकाट सुटलेले असतात. यानाची भिंत भेदतात, दाणा भेदतात, माणूसही भेदतात. दिसत नाहीत, दुखत नाहीत. पण प्लॅस्टिकवर बारीकसा व्रण ठेवून जातात. कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात चौकोन शिजवला की त्या व्रणाचा खड्डा होतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतो. कोणता दाणा भेदला गेला हे दाण्याला सांगता येत नाही; शेजारचा चौकोन सांगतो. म्हणून ती साक्ष.

आदल्या संध्याकाळी साक्षी शिजवून, धुऊन, चिमट्यांना वाळत लावल्या होत्या. सकाळी मोजायच्या होत्या. सकाळी चिमटे होते, साक्षी नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी समिती बसणार होती. लांबच्या प्रवासाला माणूस पाठवायचा की नाही, हे ठरायचं होतं. आणि पाठवायचं ठरलं तर जाणार होती बीजघराच्या प्रमुख माईंची एकुलती एक लेक. बियाण्यांचा पुरावा खरा धरायचा की नाही, हे तपासनीसनं त्याआधी सांगायचं होतं. तिचं चुकलं तर त्या मुलीचं जन्मभराचं स्वप्न जाणार होतं, नाही तर जन्मच.

आणि त्या डबीतले दाणे रुजून आलेली रोपं काचघरात धडाधड मरत होती.

२

साक्षी शिजवायचं काम ज्यांचं, त्यांना सगळे किरणमास्तर म्हणत. कुणी वेळ विचारली तरी ते आधी सूर्य समजावून सांगत. त्यांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. वायरींचे गुंते, कॉस्टिकनं खाल्लेले हातमोजे, कोपऱ्यात फ्रिजएवढी क्ष-किरणांची पेटी, तिच्यावर धुळीनं माखलेल्या शिशाच्या विटा.

मास्तरांचा संशय ठरलेला होता, आणि तो त्यांनी लपवलाही नाही. साक्षी नकोत कुणाला? ज्याला यान उडवायचंय त्याला. रोपं मेली ती तापमानानं मेली, पाण्यानं मेली, काहीही म्हणता येतं. पण साक्षीवर खड्डे दिसले की आकाशाचं नाव घ्यावंच लागतं. सकाळी दार उघडलं तेव्हा खोलीत लवंगेचा वास होता, असंही ते म्हणाले. या इमारतीत लवंग चघळणारा एकच माणूस आहे.

मग तपासनीस उठणार, एवढ्यात ते पुटपुटले की हल्ली या खोलीचं काही खरं नाही. पेरणीच्या आधी कुणीतरी त्यांची शिशाची पट्टी वापरली होती. न विचारता.

"चोरली?"

"चोरली असती तर समजलं असतं. वापरली, आणि पुसून ठेवली." मास्तरांच्या चेहऱ्यावर खरंखुरं दुःख होतं. "माझ्या खोलीत आजवर कुणी काही पुसलेलं नाही, मॅडम."

पट्टी तिनं हातात घेऊन पाहिली. बोटभर रुंद, वीतभर लांब, जड. बाकीच्या शिशावर राखाडी थर होता, हिच्यावर नव्हता. हसू दाबत तिनं ती जागेवर ठेवली.

लवंग चघळणारे ते मोहीमप्रमुख. त्यांना पाठीमागे उलटी गणती म्हणत, कारण हा माणूस जेवायला बसतानाही किती वेळ उरला ते सांगायचा. प्रश्न ऐकून त्यांनी आधी आवाज चढवला, मग घड्याळ पाहिलं, मग खुर्चीत बसले. हो, ते त्या खोलीत गेले होते. सकाळी, मास्तरांच्या आधी. किल्ली खिळ्यालाच असते, कुणीही घेतो. साक्षी नुसत्या बघायच्या होत्या. समितीपुढे उभं राहण्याआधी आपलं मरण किती खोल आहे ते माणसाला बघावंसं वाटतंच की.

"मग साक्षी नाहीत म्हणून ओरडा का नाही केलात?"

"केला असता तर तुम्ही आत्ता ज्या नजरेनं बघताय ना, त्याच नजरेनं सगळ्यांनी बघितलं असतं." त्यांनी लवंग एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली. "मी गेलो तेव्हा चिमटे रिकामेच होते, मॅडम. माझ्याही आधी कुणीतरी आलं होतं."

३

माईंचं टेबल पाहून तपासनीसला वाटलं, इथं धुळीलाही परवानगी काढून यावं लागत असेल. पेन्सिली टोक करून एका उंचीच्या. चष्मा पुसायचं फडकं घडी करून. खिडकीची काच इतकी लख्ख की चिमणी येऊन आपटावी. टेबलावर चौकटीत लेकीचा फोटो होता. उड्डाणाच्या पोशाखात, छातीवर मोहिमेचा बिल्ला. लेक हसत होती, पण धुक्यात उभी राहून हसल्यासारखी.

तपासनीसची नजर रेंगाळलेली माईंना दिसली. "जुना झालाय फोटो," त्या म्हणाल्या आणि तिला काचघराकडे घेऊन गेल्या.

काचघरात दोन टेबलं होती. डावीकडे आजारी, उजवीकडे धडधाकट. दाणे आधी थराथरानं ट्रेमध्ये रुजवले होते. मोड आल्यावर माईंनी एकेक रोप कागदी पेल्यात हलवलं आणि तब्येतीप्रमाणे वेगळं केलं. एकाची बुरशी दुसऱ्याला लागू नये म्हणून, त्या म्हणाल्या, आणि ते पटण्यासारखं होतं. प्रत्येक पेल्यात काडी खोचलेली, तिच्यावर कोणता थर, कोणती ओळ, कोणती जागा. डावीकडचं टेबल गच्च भरलं होतं. तिथली रोपं बोटाच्या पेराएवढी होऊन थबकली होती, जणू पुढचा शब्द विसरली. पलीकडे, डबीची जुळी बहीण: पृथ्वीवरच कपाटात राहिलेल्या दाण्यांचा ट्रे. तो नुसता हिरवागार.

माई त्या ट्रेवरून हात फिरवत होत्या. कडेची दोन पानं मलूल दिसली तशी त्यांनी ट्रे खिडकीपासून आत ओढला.

"कडेच्या ओळीचं कधी खरं धरू नये," त्या सहज बोलल्या. "वारा आधी तिलाच लागतो. मेली तर तिच्या मरणाचं कारण समजत नाही."

लेकीबद्दल विचारलं तेव्हा त्या थोडक्यात बोलल्या. मुलगी लहान असताना या काचघरात हात पसरून गरागरा फिरायची, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं. तिला कधी अडवलं नाही. कशालाच नाही. "समिती ठरवेल ते ठरवेल," माई म्हणाल्या आणि चष्मा काढून पुसू लागल्या. तो आधीच स्वच्छ होता.

भिंगरीला भेटायचं तर काचेआडून. उड्डाण ठरलंच तर त्याआधी जंतू लागू नयेत म्हणून तिला आतापासूनच वेगळं ठेवलं होतं. काचेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुर्ची, एकेक फोन. मुलगी तिशीची, केस बारीक कापलेले, बोलताना सारखी खुर्चीवर झुलणारी. साक्षी गेल्याचं तिला कळलं होतं. तिला राग आला होता तो वेगळ्याच गोष्टीचा.

"मला खरं काय ते हवंय. भेदले गेले असतील दाणे, तर तसं सांगा. माझ्या हाडांतून जाणार आहे ना ते? मग मला नको का कळायला?"

आईचं काय म्हणणं आहे, असं विचारल्यावर ती खो खो हसली. निवड झाली त्या दिवशी आई म्हणाली, जाड मोजे घे. परवा निरोप द्यायला आली, तर म्हणाली, नखं काप. "जा म्हणाली नाही, जाऊ नको म्हणाली नाही. माझी आई रोपांशी तासभर बोलते. माझ्याशी बोलायचं तर तिला विषय सापडत नाही."

जाताना तपासनीसनं सहज विचारलं, तुझ्या पोशाखावरचा हा बिल्ला छान आहे, कधीचा?

"हा? गेल्या महिन्यातच शिवून आला. आईकडे आहे ना फोटो. पहिला तिनंच मागून घेतला."

तपासनीस जिन्यात थांबली. महिन्याभरात कुठला फोटो जुना होतो?

४

तो प्रश्न खिशात टाकून ती डॉक्टरांकडे गेली. प्रवाशांची तब्येत सांभाळणारे हे डॉक्टर पहिल्या दिवसापासून या मोहिमेच्या विरोधात होते, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ते स्वतःच सगळ्यांना सांगत फिरत. ठेंगणा माणूस, पाय जमिनीला टेकत नसलेले, टेबलावर माणसाच्या मेंदूचा प्लॅस्टिकचा नमुना; त्यात त्यांनी पेनं खोचली होती.

चोरी करायची तर मी यानच पळवलं असतं, असं ते आधी म्हणाले. मग नमुन्यातून एक पेन उपसलं.

"दाण्याचं एक बरं असतं. त्याला आठवण नसते. माणसाच्या मेंदूतून कण आरपार गेला तर त्यानं काय नेलं, ते नेल्यावरच कळतं. कदाचित काहीच नाही. कदाचित आईचा चेहरा. ही पोरगी मला मामा म्हणते हो. मी सही कशी करू?"

क्ष-किरणांच्या पेटीची किल्ली तुमच्याकडेही असते का, हे विचारल्यावर त्यांनी मान डोलावली. मास्तरांकडे, त्यांच्याकडे, माईंकडे. मोहीमप्रमुखांना ती पेटी चालूही करता येत नाही.

संध्याकाळ व्हायला आली होती. तपासनीस पुन्हा मास्तरांच्या पसाऱ्यात येऊन बसली. साक्षी कॉस्टिकमधून काढल्यावर तुम्ही उजेडात धरून पाहिल्या असतीलच, ती म्हणाली. कुणाला राहवेल?

मास्तर संकोचले. पाहिल्या होत्या. इतका वेळ शिजवल्यावर प्लॅस्टिक जरा धुरकट होतं, तेवढ्यात मोठे खड्डे डोळ्यांनाही दिसतात. पण मोजल्याशिवाय बोलायचं नाही, हा त्यांचा नेम. मोजल्याशिवाय बोलू नका, ती म्हणाली, नुसतं सांगा. दाट होते की विरळ?

"विरळ," मास्तर म्हणाले. "अगदी तुरळक."

"आणि डावीकडच्या टेबलावरची सगळी रोपं आकाशानंच मारली असतील, तर?"

 मास्तरांनी टेबलावरची सुई उचलली, एक कागद घेतला, टोचला. ताऱ्यांकडून येणारा जड कण असा असतो. सुई. एक दाणा भेदेल, त्याला खेटून बसलेल्या दाण्याला धक्का लागणार नाही. भेदलेल्या दाण्यातही एखादीच पेशी जखमी होते. रोप वाढतं, पण त्या पेशीच्या वंशाचा एक पांढरा पट्टा पानावर उमटतो, एकाच बाजूला, पानामागून पानावर. आणि क्ष-किरणांची पेटी म्हणजे रिमझिम. सगळे दाणे सारखे भिजतात, सगळी रोपं सारखी खुरटतात.

सुई त्यांच्या बोटांत तशीच राहिली. "एवढी रोपं सुईनं मारायची तर साक्षी चाळणीसारख्या दिसायला हव्या होत्या."

"म्हणजे साक्षी सापडल्या असत्या तर काय झालं असतं, मास्तर?"

"प्रमुख सुटले असते," ते हळू आवाजात म्हणाले. "यान उडालं असतं. आपण उलट्या टोकाचा माणूस धरून बसलोय. ही रोपं आकाशानं मारलीच नाहीत. इथं, या खोलीत मारली."

५

बातमी कळताच प्रमुखांना पंख फुटले. किल्ली डॉक्टरांकडे, विरोध डॉक्टरांचा, आणखी काय हवं? मी म्हणतच होतो, ते म्हणाले, जरी त्यांनी तसं कधी म्हटलं नव्हतं. डॉक्टरांना बोलावलं तर ते येऊन बसले, पाय अधांतरी. मी नाही केलं, एवढंच म्हणाले. पण कुणी केलं असेल तर त्याचा हात धरायला मी जाणार नाही, हेही म्हणाले.

सगळं जुळत होतं. एक शिशाची पट्टी तेवढी जुळत नव्हती.

शिसं किरणांना अडवतं. ज्याला दाणे मारायचे आहेत त्यानं ते पेटीत ठेवावेत, कळ दाबावी, काढावेत. त्याला अडवायला कशाला काही लागावं? खाटकानं बकऱ्याच्या गळ्याला पट्टी बांधावी, तसलाच प्रकार.

बोटभर रुंद. वीतभर लांब.

तपासनीस काचघरात गेली तेव्हा उन्हं उतरून काचा तांबूस झाल्या होत्या. तिनं चपला काढल्या, पदर खोचला आणि दोन्ही टेबलांवरचे पेले एकेक करून जमिनीवर उतरवायला लागली. तब्येतीप्रमाणे लावलेली माणसं तिला कधी समजली नव्हती. गावाप्रमाणे, घराप्रमाणे लावली की समजायची. रोपांना तिनं तोच न्याय लावला. काडी वाचायची आणि पेला त्याच्या मूळ घरी ठेवायचा. हा पहिल्या थरातला, दुसऱ्या ओळीतला. हा त्याचा शेजारी. मास्तर, डॉक्टर आणि प्रमुख दारात येऊन उभे राहिले, पण कुणी आत आलं नाही. जमिनीवर हळूहळू ती डबी पुन्हा मांडली जात होती, तिन्ही थर शेजारी शेजारी, प्रत्येकात पाच ओळी.

शेवटचा पेला ठेवून ती उठली आणि मागे सरली.

पहिल्या थरात दोन ओळी मेलेल्या, मग एक हिरवी, मग पुन्हा दोन मेलेल्या. दुसऱ्यातही तसंच. तिसऱ्यातही. तिन्ही थरांत बरोब्बर मधली ओळ तरारून उभी होती, डोक्यात भांग पाडावा तशी.

"आकाश असं रांगेनं मारत नाही," मास्तर दारातून म्हणाले.  "पट्टी. कुणीतरी मधल्या ओळीवर पट्टी ठेवली होती."

"पण का?" डॉक्टर म्हणाले. "पुरावा खोटा करायचा, तर एक ओळ खरी कशाला ठेवायची?"

 तपासनीस तिसऱ्या थराच्या मधल्या ओळीपाशी वाकली होती. तिथं एक रोप इतरांएवढंच उंच होतं, पण त्याच्या पानावर एका बाजूनं दोऱ्यासारखा पांढरा पट्टा गेला होता. खालच्या पानावरही, त्याच बाजूला.

पूस तिला बाई, आत्या म्हणाली. या वेळी तपासनीसनं तिला दटावलं नाही.

६

माई टेबलाशी बसल्या होत्या. दिवा लावला नव्हता. तपासनीस समोरच्या खुर्चीत बसली.

मग तपासनीसनं सांगायला सुरुवात केली, आवाज न चढवता, गोष्ट सांगावी तसं. डॉक्टरांनी केलं असतं तर सगळे दाणे मारले असते. त्यांना उड्डाण थांबवायचं होतं, तेवढंच. आकाश दाण्यांचं काय करतं, याचं उत्तर त्यांनी मनाशी कधीच देऊन टाकलंय. मास्तरांना ओळ राखावी लागली असती तर त्यांनी वेगळा ट्रे केला असता, आणि पट्टी तर मुळीच पुसली नसती. प्रमुखांना रोपं मरायला नको होती. राहिलं ते एकच माणूस, ज्याला समितीला खोटं सांगायचं होतं पण स्वतःला खरं कळल्याशिवाय झोप लागणार नव्हती. ते माणूस खोटेपणा करतानाही तुलनेला एक ओळ राखून ठेवणार. आणि ती कडेला राखणार नाही, कारण कडेच्या ओळीचं कधी खरं धरू नये.



"तुम्ही या घरात सगळं लख्ख ठेवता," तपासनीस म्हणाली. "मग महिन्याभरापूर्वीचा फोटो एवढा धुकट का, माई?"

माईंनीच चौकट ओढून घेतली. मागची पट्टी सरकवली, काच काढली. काचेमागून, लेकीच्या चेहऱ्यावरून, चार धुरकट चौकोन एकेक करून टेबलावर उतरले. फोटो एकदम स्वच्छ झाला. भिंगरी धुक्यातून बाहेर आली.

"फोडून टाकायला हव्या होत्या," माई म्हणाल्या. "हात धजला नाही. तिच्या वाटेवर काय आहे, ते यांच्यावरच लिहिलंय ना गं." कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं, ते त्यांना कळलं नव्हतं. "मला वाटलं होतं, मधली ओळही मरेल. मग मी खोटं बोललेच नाही, असं झालं असतं. रोज सकाळी बघायचे, मेली का. मरेना. अशी जोमात वाढली, की मला तिचा राग यायला लागला. जन्मात कधी रोपाचा राग आला नव्हता."

"एकावर पट्टा आहे."

"आहे." माई हलक्या आवाजात म्हणाल्या. "एकावरच."

मास्तरांना बोलावलं. त्यांनी तिसऱ्या थराची साक्ष दोन बोटांत धरून सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, आणि त्या पट्टेदार रोपाच्या घरावर येऊन थांबले. खड्डा होता. एकच, स्वच्छ, आरपार. त्याच्या शेजाऱ्यांच्या घरांवर काही नव्हतं. या वेळी मास्तरांनी कुणाला काही समजावलं नाही; नुसतं बाजूला सरून बघायला जागा करून दिली.

प्रमुख आणि डॉक्टर पहिल्यांदाच एका बाकावर बसले होते. मधली ओळ समितीपुढे मांडायला दोघंही तयार झाले: थोडा धोका, खरा धोका, सुईएवढा. झोपायच्या जागेभोवती पाण्याची भिंत केली तर बऱ्याच सुया तिथंच अडतील, असं डॉक्टर म्हणाले, आणि तेवढं वजन नेता येईल का, ते प्रमुख बघणार होते. तसं झालं तर सही करेन, असंही डॉक्टर म्हणाले, आणि मग बराच वेळ त्या मेंदूच्या नमुन्यातली पेनं काढत-घालत बसले.

माईंचं काय करायचं, हे तपासनीसच्या अहवालात लिहावं लागणार होतं. ते लिहिण्याआधी तिनं माईंना एकच गोष्ट सांगितली. समितीला उद्या कळेलच. लेकीला तुमच्या तोंडून कळू दे.

७

काचेच्या अलीकडे माई बसल्या. बरोबर त्यांनी तो पट्टेदार मक्याचा पेला आणला होता. पलीकडे भिंगरी आली, आईचा चेहरा बघितला आणि झुलायची थांबली. दोघींनी फोन उचलले. तपासनीस दारापाशी, जरा बाजूला उभी राहिली. पण भिंतीवरच्या स्पीकरमधून आवाज यायचा तो आलाच.

माईंनी सगळं सांगितलं. पेटी, पट्टी, चौकट. एकही शब्द मऊ करून सांगितला नाही. लेक ऐकत होती. मध्येच तिनं फोन कानापासून दूर धरला, मग परत लावला.

"तू माझं जाणं मारायला निघाली होतीस," ती म्हणाली. "माझ्या पाठीमागून."

"हो."



"मक्यानं काय घोडं मारलं होतं गं तुझं?" भिंगरी म्हणाली, आणि तिला हसू आलं की रडू, ते तिलाही ठरवता येईना. "दाखव. पेला वर धर. पट्टा कुठंय?"

माईंनी पेला काचेला टेकवला. लेक नाक काचेला लावून बघत राहिली. एक पान, त्यावर पांढरा दोरा; दुसरं पान, तोच दोरा. बाकी सगळं हिरवं.

"वाढतंय का?"

"वाढतंय," माई म्हणाल्या. "मी थांबवू बघितलं ते मेलं. ज्याला आकाशानं टोचलं ते वाढतंय."

"समितीनं हो म्हटलं तर मी जाणार, आई. हे बघूनसुद्धा जाणार. आणि नाही म्हटलं तर खरं बघून नाही म्हटलं, एवढं तरी मला कळेल."

माईंनी मान हलवली. पेला खाली ठेवला, त्याच्या मातीवरचा एक कण बोटानं सारखा केला. तपासनीसला वाटलं, आता या मोज्यांचं विचारणार. माईंनाही तेच आठवलं असावं, कारण त्यांचे ओठ त्या आकारात आले आणि थांबले. मग त्यांनी हात उचलून काचेवर ठेवला. त्या लख्ख काचेवर पाच बोटांचे ठसे उमटले, आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

"जा," त्या म्हणाल्या. "पण त्याआधी एकदा म्हणू दे. तू सात वर्षांची होतीस, काचघराच्या छताकडे बोट दाखवून म्हणालीस, मला तिथं जायचंय. तेव्हापासून म्हणायचं राहिलंय." त्यांचा आवाज दहा भोकांतून गळत होता. "जाऊ नकोस गं."